मावशीनं दिलेलं गाव

शीतल, जरा इकडे सरक. कागद हातात आहे म्हणून काय लांब बसून वाचायचं असं कुठे आहे? अशी जवळ बस आणि तो फोन पालथा ठेव. तीन वेळा येते म्हणालीस. नाताळला येते, मग ईस्टरला येते, मग म्हणे पावसाळ्याआधी नक्की. दर वेळी मी नागली, तुम्ही पुण्यात नाचणी म्हणता ती, दळून आणली, दर वेळी पीठ जुनं झालं आणि मीच एकटीनं भाकऱ्या थापून संपवलं. आणि परवा आठवण आली ती कशासाठी? "आत्याआजी, आपलं मूळ गाव कुठलं गं? नाव तेवढं लिहून पाठव ना, मी कॉम्प्युटरवर शोधते." नाव तेवढं. जसं काही लोणच्यात मीठ किती घालायचं तेवढं विचारलंस.

रागावले आहे, पण तुझ्यावर कमी. तू तर नुसती आली नाहीस. मी दहा वर्षांची असताना याहून वाईट वागले आहे, आणि ते याच नावापायी. ते सगळं आज लिहिते. नावाचं काय करायचं ते शेवटी बघू.

गेल्या महिन्यात तुझ्या बापानं मला दिंडोरीला जेवायला नेलं. म्हणाला, "आत्या, चल, तुझं माहेर दाखवतो." माहेर कसलं, माझ्या आईचं माहेर ते. मी लहान असताना तिथे ऊस होता, हरभरा होता, पायवाटेला बाभळी होत्या. आता नजर जाईल तिथवर द्राक्षाचे मांडव, आणि त्यांच्या मधोमध वायनरी, काचेच्या भिंतींची. दारातच एक मोठी लोखंडी काहील ठेवलेली. उसाचा रस आटवायची कढई गं, पाचसहा बाया मांडी घालून बसतील एवढी. तिच्यात पाणी भरून कमळं सोडली होती. माणसं तिच्याजवळ उभी राहून फोटो काढत होती.

मी काठावरून हात फिरवत गेले आणि एका जागी बोटं थांबली. तिथे तीन खिळ्यांचं ठिगळ होतं, माझ्या मामाच्या काहिलीला होतं तसंच.

तीच असेल असं नाही. काहिलींना ठिगळं लागतातच, आणि सत्तर वर्षांत लोखंडाचं काय काय होतं. पण माझ्या बोटांनी मला विचारलं नाही. एकदम सगळं आलं बघ नाकात. भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी, चिपाडांचा धूर, काकवीचा तो घशाशी चिकटणारा वास. मामाच्या धोतराला वर्षभर तो वास असायचा. तुझा बाप मागून म्हणतोय, "आत्या, ऊन आहे, आत चल," आणि मी तिथेच.

आता तुला प्रश्न पडेल, काहिलीचा आणि मूळ गावाचा काय संबंध. आपले केस असे का आहेत हे तुला कुणी धड सांगितलंय, की नुसती पार्लरात जाऊन सरळ करून घेतेस? आपली माणसं समुद्रापलीकडची, आफ्रिकेतली. लहान लहान पोरं होती, पकडून गलबतात कोंबलेली. इंग्रजांच्या जहाजानं ती गलबतं वाटेत अडवली, पोरं मुंबईला उतरवली, आणि मिशनच्या लोकांनी ती नाशकाला आणून वाढवली. मुलांना सुतारकाम, लोहारकाम, मुलींना शिवण आणि स्वयंपाक. नावं नवी दिली. माझी आजी त्यातली. ती मला फार आठवत नाही, लवकर गेली. माझे वडील सुतार झाले, रोज नाशिक रोडला छापखान्यात कामाला जायचे, आणि बायको केली दिंडोरीकडची. म्हणून आपण असे, थोडे इकडचे, थोडे तिकडचे.

माझ्या लहानपणी वस्तीत अशी पाचच घरं उरली होती. आणि त्या पाच घरांची मिळून एक मावशी होती, रिबकामावशी. माझे वडील तिला मावशी म्हणायचे, मीही मावशीच म्हणायची. ती आणि माझी आजी एका गलबतातून आलेल्या. आपल्यात तेव्हा असं होतं की एका गलबतातल्या त्या सख्ख्या बहिणी. त्यांच्या पोरांची आपसांत लग्नं व्हायची नाहीत, आणि एक गेली की दुसरीनं तिचं सुतक धरायचं. चर्चचे पाळक कुरकुरायचे. मावशी म्हणायची, "तुम्ही होता का गलबतात? मग गप बसा."

उंच बाई. ऐंशीच्या घरात होती तरी काठी धरायची नाही. केस पांढरे, बारीक, फुटलेल्या बोंडासारखे. नऊवारी लुगडं आणि त्यावर मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं. चर्चमागच्या एका खोलीत राहायची, दारात कडुनिंब. खोलीत खाट, चूल आणि एक पत्र्याची पेटी, सुंभानं आवळून बांधलेली.

त्या पेटीचं असं, की मावशी सोळा-सतरा वर्षांची असताना एक जहाज आपल्या लोकांना परत न्यायला निघालं होतं. समुद्रापलीकडे, आपल्या मुलखात. मावशीचं नाव यादीत होतं. पेटी भरून झाली होती. पण ती ज्या मडमेकडे आया होती तिचं बाळ तापानं फणफणलं. मडम म्हणाली, तू आत्ता थांब, तुला दुसऱ्या बोटीनं पाठवते. मावशी थांबली. बाळ बरं झालं. पुढे ते बाळ मोठं होऊन विलायतेला गेलं, मडमही गेली, आणि मावशी पेटी बांधून नाशकातच. दर वर्षी पावसाळा संपला की ती पेटी सोडायची, आतलं सगळं उन्हात घालायची, कडुनिंबाचा पाला घालून परत भरायची आणि परत आवळून बांधायची. मी गाठीवर बोट धरायला असायची.

"मावशी, आता कोण येतंय गं बोट घेऊन?" मी एकदा विचारलं.

"बांधलेली बरी," ती म्हणाली. "बोट काय पत्र टाकून येते? नीट धर ते बोट."

सुरगाण्याकडची एक बाई डोक्यावर नागली घेऊन वर्षातून एकदोनदा वस्तीत यायची. मावशी तिची वाट बघायची. बाकी कुणी नागलीला विचारायचं नाही, गरिबाचं काळं धान्य म्हणायचे. मावशी मूठभर नागली तळहातावर घ्यायची, फुंकायची, वास घ्यायची आणि म्हणायची, "हे आमच्याकडचं." सुरगाण्याची बाई हसायची. "आमच्या डोंगरातली हाय, तुमच्याकडची कशी व्हईल?" पुढे कितीतरी वर्षांनी शेतीखात्यातल्या एका शिकलेल्या माणसानं मला सांगितलं की नागली मुळातली तिकडचीच, आफ्रिकेतली. तेव्हा सांगायला मावशी नव्हती. तिचं आयुष्यभर कुणी काही खरं मानलं नाही बघ. नागलीच्या पिठाचा ती घट्ट गोळा शिजवायची, लाकडी डावानं घोटून घोटून, दंड दुखेपर्यंत. मग सगळ्यांनी एकाच ताटात बसायचं, गोळा तोडायचा, अंगठ्यानं त्यात खळगा करायचा आणि त्या खळग्यात शेंगदाणे घातलेल्या पाल्याची भाजी उचलायची. तो खळगा मला आजही जमतो. तुझ्या बापाला जमत नाही.

आणि आता काहील. पाऊस ओसरला, गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी निवळलं की नवरात्राच्या आसपासच्या एका रविवारी, उपासना आटोपली की आपली पाचही घरं आनंदवल्लीच्या अलीकडे एका डोहावर जायची. गुऱ्हाळं दिवाळीनंतर लागायची, तोवर काहील मोकळीच. माझा मामा दिंडोरीहून ती बैलगाडीत घालून आणायचा. लव्हाळ्यातून ती पाण्यात लोटली की घराघरातली एकेक बाई तिच्यात बसायची, आणि मामा छातीभर पाण्यातून ती ढकलत पलीकडून अलीकडे आणायचा. बाया कालवा करायच्या, कलंडली, कलंडली. मामा म्हणायचा, "काय बुडत नाय. गुमान बसा. रसानं भरलेली उचलतो मी, तुमचं काय वजन हाय?"

काठावर हुसेनचाचा उभे असायचे. टांगेवाले, भद्रकालीत राहायचे, वडिलांचे दोस्त. विचारायचा मान त्यांचा, आधी त्यांच्या वडिलांचा, कारण विचारणारा इथला पाहिजे. तेही हसून म्हणायचे, "आमचे दादाजी पण उत्तर हिंदुस्थानातून चालत आलेले, पण ठीक आहे, मी आधी आलो." काहील काठाला टेकली की ते चेहरा गंभीर करून विचारायचे, "कोण तुम्ही? कुठून आलात?"

मग एकेकीनं सांगायचं. आणि शीतल, ऐक, काय सांगायच्या त्या. पकडून आणलेली पोरं ती, तीन वर्षांची, चार वर्षांची. गावाचं नाव कुठलं आठवायला? एका घराचं उत्तर होतं, "आंब्याच्या झाडाखालून." त्या घरच्या म्हातारीला तेवढंच आठवत होतं, ती गेल्यावर तिची लेक तेच सांगायची. एका घराचं, "जिथे आई शेळ्या धूत होती तिथून." दर उत्तराला हुसेनचाचा म्हणायचे, "उतरा, जागा आहे." मग हात देऊन उतरवून घ्यायचे.

गावाचं पुरं नाव फक्त मावशीला आठवत होतं. ती धरली गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. मोठ्या तळ्याकाठचं गाव, वाळत घातलेल्या माशांचा वास, आणि पाणी भरायला जाताना बायका म्हणायच्या ते एक गाणं. माझ्या आजीला मात्र काहीच आठवत नव्हतं, झाड नाही की शेळी नाही. पहिल्या वर्षी काहिलीत बसून ती नुसती रडली म्हणे. तेव्हा मावशीनं तिचा हात धरला आणि हुसेनचाचांच्या वडिलांना सांगितलं, "ही माझ्याच गावची." गाव देऊन टाकलं तिला. गलबतातल्या बहिणीला आणखी काय देणार? म्हणून ते आपलं गाव. रक्तानं आलेलं नाही, दिलेलं आहे.

मावशीनं ते नाव कधी लिहू दिलं नाही. मी शाळेतून पाटी घेऊन जायची आणि म्हणायची, "मावशी, लिहून ठेवू?" ती पाटी पालथी करायची. "एकदा लिहून घेतलं होतं त्यांनी माझं नाव," म्हणायची. "लिहिलं एक, आणि हाक मारली दुसऱ्याच नावानं. कानात सांगते, कानात ठेव." तिच्या तोंडाला भाजलेल्या शेंगदाण्याचा वास यायचा. नाव सांगितलं की ती गाण्याच्या ओळी शिकवायची. दोन ओळी पक्क्या झाल्या होत्या माझ्या. अर्थ विचारला की म्हणायची, "अर्थ शेवटच्या ओळीत आहे. घाई कशाला?"

ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी मावशीचे गुडघे सुजले. काहिलीत बसणं होईना. तिनं मला बोलावलं. "या वेळी तू बस. तुझ्या आजीचं आणि माझं, दोघींचं तूच सांग." मी हो म्हणाले. खरंच आनंदानं म्हणाले.

पण मी तेव्हा गावातल्या शाळेत जायला लागले होते. वर्गात सुमती नावाची मुलगी होती. दोन वेण्या, अबोलीचा गजरा, आणि तिच्या बाकावर कोण बसणार ते ती ठरवायची. मुली मला विचारायच्या, तू कुठली गं, तुझे केस असे कसे. मी सांगून टाकलं होतं की आम्ही पहिल्यापासून नाशिकचे, केस तापात असे झाले. सुमती म्हणाली होती, "मग हरकत नाही," आणि मला बाकावर सरकून जागा दिली होती.

त्या रविवारी मी काहिलीत बसले, लुगड्याच्या घडीतून काढलेला मावशीचा रुमाल डोक्याला बांधून. पाण्यावर ऊन, मामाचा श्वास, लोखंड पायाखाली गार. मनातल्या मनात नाव घोळवत होते. काठ जवळ आला तशी मावशी दिसली, वडिलांनी आणलेल्या खुर्चीत ताठ बसलेली. आणि तिच्या मागे, वाटेवर, सुमती. तिच्या घरची माणसं सोमेश्वराला निघाली होती, आमचा गलका ऐकून बघायला थांबली होती.

हुसेनचाचांनी विचारलं, "कोण तुम्ही? कुठून आलात?" एक म्हणाली, आंब्याच्या झाडाखालून. एक म्हणाली, शेळ्यांच्या तिथून. मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही, बेटी? कुठून आलात?"

मी म्हणाले, "नाशिकहून."

हुसेनचाचा हसले, मला सावरून घ्यायलाच हसले. "नाशिकची आहेस तर उतरवून काय घ्यायचं तुला? तू तर इथलीच." सगळे हसले. मामाही हसला. आणि 'उतरा, जागा आहे' ते काही त्यांनी म्हटलं नाही. मला कुणी हात दिला नाही, मुद्दाम नाही, राहून गेलं. मी आपली आपण उतरले. चपला चिखलात रुतल्या.

मावशी खुर्चीतून उठली आणि कुणाचा हात न धरता, त्या सुजलेल्या गुडघ्यांनी, वाटेला लागली. त्या दिवशीचा नागलीचा गोळा तिनं घोटला नाही. दुसऱ्या कुणी तरी घोटला, त्यात गुठळ्या झाल्या.

सोमवारी शाळेत काय झालं तेही सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मला त्यातून काही मिळालं. सुमती मुलींना सांगत होती, "काल आम्ही त्यांचा तमाशा बघितला. आणि ही म्हणे नाशिकची." बाकावर तिनं दप्तर ठेवलं होतं, माझ्या जागेवर.

संध्याकाळी मावशीकडे गेले तर पेटी उघडी. सुंभ जमिनीवर पडलेलं. पावसाळ्यानंतरचं ऊन देणं त्या वर्षी आधीच होऊन गेलं होतं, म्हणून मला कळेना. ती एकेक वस्तू काढून वाटत होती. गोधडी एका घराला, शिवणाची कात्री एका घराला, परतीच्या प्रवासासाठी शिवलेला, एकदाही न घातलेला झगा आंब्याच्या झाडवाल्यांच्या लेकीला. मी दारात उभी.

"मावशी, चुकले."

तिनं मान वर केली नाही. "मला पुष्कळांनी फसवलं, पोरी," ती म्हणाली. "पण ते परके होते."

मग पेटीचा तळ हातानं पुसत म्हणाली, "तुला काय देऊ? तू इथलीच."

तिनं माझ्याशी बोलणं सोडलं नव्हतं हं. भाकरी द्यायची, केसांना तेल लावून द्यायची, माझे केस तिच्याशिवाय कुणाला विंचरता यायचेच नाहीत. पण नाव परत कानात सांगितलं नाही. मी एकदा धीर करून गाण्याच्या दोन ओळी तिच्यासमोर गुणगुणले आणि थांबले, पुढची ओळ ती देईल म्हणून. तिचा फणी धरलेला हात थांबला. "कसलं गाणं?" म्हणाली, आणि परत विंचरू लागली. पुढचा पावसाळा तिनं बघितला नाही. मामा म्हणाला, यंदा काहील आणू का, तर कुणी हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही. उत्तर देणारीच गेली होती. डोहाचा रविवार तिथेच संपला.

अर्थ शेवटच्या ओळीत आहे म्हणायची. माझ्याकडे पहिल्या दोन आहेत.

नाव मात्र माझ्याकडे आहे. रोज म्हणते. पीठ मळताना, नळाखाली बादली भरताना, मनात. इतकी वर्षं तोंडानं कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आजोबालाही नाही. तो माझा सख्खा भाऊ, पण त्यानं कधी विचारलं नाही, आणि मला वाटायचं, जिनं नाकारलं तिनं कोणत्या तोंडानं द्यायचं.

म्हणून त्या दिवशी वायनरीत ठिगळावर हात ठेवून उभी होते तेव्हा ठरवलं, आज म्हणायचं. इथेच, या लोखंडापाशी, मोठ्यानं. तोंड उघडणार तोच काळ्या कोटातली एक मुलगी वही घेऊन आली, गोड होती गं, तुझ्याच वयाची. म्हणाली, "नमस्कार आजी. कुठून आलात?"

शब्द तेच. काहील तीच, किंवा तसलीच. पाणीही होतं. सत्तर वर्षांनी कुणी तरी मला परत विचारलं होतं.

आणि मी म्हणाले, "नाशिकहून."

"मग जवळच की," ती म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं.

तुझा बाप विचारत होता, आत्या जेवत का नाहीस. मी म्हटलं, दात दुखतो.

तर असं आहे. नाव या कागदावर नाही, परत परत उलटून बघू नकोस. तू ये. दारातच तुझ्या कानात सांगेन, मावशीनं सांगितलं तसं, तोंडाला शेंगदाण्याचा वास असला तर असू दे. मग मी आत जाऊन खुर्चीत बसेन आणि तुला विचारेन, कोण तुम्ही, कुठून आलात. काय सांगायचं ते तू ठरव. पुण्याहून आले म्हणालीस तरी मी उठून जाणार नाही. मला कुणी म्हणायचं राहून गेलं होतं, ते मी तुला म्हणेन, उतर, जागा आहे.

फक्त लवकर ये, शीतल. नागली आजच दळायला दिली आहे, आणि या खेपेला ती मला एकटीनं संपवायची नाही.